मुशीजवळची राखण

“राखण माझी, तू ऊठ.”

गुरुदत्त मोहिते हे वाक्य ऊठसूट म्हणायचा. लेक तापानं फणफणलेली असताना तिच्या उशाशी बसून बायकोची मान अवघडली, की तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा. अग्निशामक ठाण्यात पाळी बदलताना टेलिफोनजवळच्या माणसाला म्हणायचा. कलकत्त्यातल्या बेहाल्याच्या बाजारात एखादी भाजीवाली नळावर पाणी प्यायला जावं म्हणून इकडंतिकडं बघत असली, तर तिच्या टोपलीपाशी उकिडवा बसून तिलाही मराठीतच म्हणायचा. तिला शब्द कळत नसत, पण ती हसून उठायची.

वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं. ते गलाईच्या दुकानातलं होतं. खानापूर-आटपाडीच्या कोरड्या माळावरची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. त्यांतली काही कलकत्त्याला पोचली, त्यांत गुरुदत्तचा बाप होता. जुने दागिने मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, तेजाबानं, म्हणजे जहाल आम्लानं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोन्याची कांब ओतून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा या माणसांचा धंदा. मूस म्हणजे मातीचं भांडं, ओंजळीत मावेल एवढं. पण ती भट्टीत आहे तोवर तिच्याजवळ बसलेला माणूस जागचा हलत नाही. सोनं दुसऱ्याचं असतं, विश्वासानं दिलेलं असतं. भूक लागो, पायाला मुंग्या येवोत, दुसऱ्यानं शेजारी येऊन बसायचं आणि तोंडानं म्हणायचं, ‘राखण माझी, तू ऊठ.’ मगच पहिला उठणार. नुसतं येऊन बसलेलं चालत नाही. शब्द द्यावा लागतो.

बाप लवकर गेला. थोरल्या भावानं, श्यामसुंदरनं, दुकान सांभाळलं आणि धाकट्याला वाढवलं. गुरुदत्त त्याला आण्णा म्हणायचा. आण्णा बोलायला कमी आणि बघायला फार. सोनं वितळून त्याचा डोळा उघडला, म्हणजे वरची साय फाटून आरशासारखं लख्ख दिसू लागलं, की तो नुसती मान हलवायचा. मान हलली की ओतायचं. ओतून झालं की चिमट्यानं साच्यावर दोनदा ठोकायचं, टण टण, म्हणजे कांब साच्यातून सुटते आणि बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकालाही समजतं की काम झालं. गुरुदत्त हे सगळं भावाच्या मांडीला मांडी लावून शिकला.

आणि मग त्याच्या मिसरूड फुटायच्या वयात एक दुपार आली. आण्णा तेजाब आणायला गेला होता. मूस भट्टीत होती आणि राखण गुरुदत्तची होती. दुकानामागं झोपड्यांची वस्ती होती, बांबूच्या भिंती, वर गोलपात्याचं, म्हणजे ताडासारख्या पानांचं, छप्पर. ती पेटली. आधी धूर आला, मग बायकांचा आकांत. गुरुदत्तनं इकडंतिकडं बघितलं. शब्द द्यायला कोणी नव्हतं. तो उठला आणि धावत गेला.

त्या दिवशी त्यानं एका म्हातारीला पाठीवर घालून बाहेर काढलं. बंबावरच्या अंमलदारानं त्याचं नाव विचारलं, पाठ थोपटली, पोरा, ठाण्यावर येऊन भेट म्हणाला. भुवया जळालेल्या, अंगाला धुराचा वास, असा तो आनंदानं दुकानात परतला, तर आण्णा भट्टीसमोर बसला होता. मूस तडकली होती. सोनं राखेत वाहून गेलं होतं.

आण्णानं शिवी दिली नाही. कित्येक आठवडे तो ती राख पाण्यात धूत बसायचा, चाळायचा, पुन्हा धुवायचा. सगळी राख धुऊन झाली तेव्हा हात पुसत म्हणाला, “तू बरं केलंस का वाईट, ते देव बघून घेईल. पण माझ्या मुशीजवळ तू पुन्हा बसायचं नाहीस.”

गुरुदत्त ठाण्यावर जाऊन अंमलदाराला भेटला तो असा.

*

त्यानंतर वर्षं गेली. गुरुदत्तचं लग्न झालं, कालिंदी घरी आली, लीना झाली. दोघं भाऊ एकाच बेहाल्यात राहत होते, एकाच ट्रामच्या रस्त्यावर, पण एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण म्हणावं तर तसंही नव्हतं. गणपतीला गुरुदत्त सहकुटुंब आण्णाकडं जायचा. आण्णा पाटावर बसून समोरच्या भिंतीला सांगायचा, “शकुन, त्याला सांग, जेवल्याशिवाय जाऊ नकोस.” शकुनवहिनी वाढता वाढता म्हणायची, “भाऊजी, हे म्हणतायत जेवल्याशिवाय जाऊ नका.” गुरुदत्त म्हणायचा, “वहिनी, आण्णाला सांगा, बसलोच आहे पानावर.” आणि मध्येच लीना मोठ्या काकांकडं बोट करून आपल्या अर्ध्या बंगाली मराठीत विचारायची, “जेठूमशाय बाबाला का नाही बघते?” मग सगळे वरणभाताकडं बघायचे.

ठाणं शहराच्या कडेचं होतं. शहराच्या मध्यभागी रस्त्याखाली बंबासाठी पाण्याचे नळ असतात, झाकण उघडलं की पाणी. इकडं तसं काही नव्हतं. इकडं तळी होती. प्रत्येक पाड्याला, म्हणजे आळीला, आपलं एक तळं, त्यात बदकं पोहणार, बाया भांडी घासणार, आणि आग लागली की बंबाची जाड सोंड त्याच तळ्यात पडणार. म्हणून ठाण्यातल्या प्रत्येकाला तळी तोंडपाठ. चैत्रात कुठल्या तळ्याचा तळ दिसतो, कुठल्या तळ्यावर जलपर्णी माजलीय, कुठल्या काठावर गाडीचं चाक रुततं, हे रोज सकाळच्या हजेरीला एकमेकांना सांगायचं. घंटा झाली की पायांत बूट, डोक्यावर टोप, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत अंगावरच्या कोटाची बटणं लागलेली असायची. जूट पेटायची, लाकडाची वखार पेटायची, त्या दंग्याच्या वर्षांत ट्रामही पेटायच्या. आग नसेल तेव्हा विहिरीत पडलेली गाय किंवा गटारात उतरून गुदमरलेला माणूस.

धुरात शिरायचं तर जोडीनं. एकाच्या पाठीवर हवेची टाकी, तोंडावर रबरी मास्क, कमरेला दोर. दुसरा दाराशी तो दोर धरून बसणार. हिसका आला की त्याचा अर्थ लावणार. आत गेलेल्याचा जीव बाहेरच्याच्या तळहातावर असतो. गुरुदत्तची जोडी सुबल पाल नावाच्या माणसाशी होती. सुबल अंगानं आडवा, तोंडानं सैल.

“गुरुदा,” तो बंगालीत म्हणायचा, “तुमच्या लोकांनी सोनं वितळवावं, गाद्यांवर लोळावं. आणि तुम्ही बघा, पितळी टोप घालून गटारात उतरताय. कुठल्या देवाचा शाप म्हणायचा हा?”

“तू वर दोर धरून विड्या फुंकतोस, तोच शाप.”

पण गुरुदत्तचं ते वाक्य सुबलनंही उचललं होतं. दोर हाताला गुंडाळताना तो आपल्या गोल बंगाली उच्चारात म्हणायचा, “राखोन माझी.” पुढचं ‘तू ऊठ’ त्याला कधी जमलं नाही, आणि दोराच्या कामात त्याची गरजही नव्हती.

*

त्र्याहत्तर सालच्या चैत्रातली दुपार होती. उन्हानं ट्रामचे रूळ चमकत होते. ठाण्यातली माणसं जेवून सावलीला टेकली होती. तेवढ्यात टेलिफोन वाजला, आणि पाठोपाठ घंटा.

ठाण्याचे अंमलदार हालदारसाहेब गाडीवर चढता चढता ओरडले, “बाजारामागची गल्ली. सोनं गाळायचं दुकान. तेजाब फुटलंय.”

त्या गल्लीत सोनं गाळायचं दुकान एकच होतं.

गुरुदत्तनं कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सुबलनं त्याच्याकडं बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला चेष्टा सुचली नाही.

गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला. काळा नव्हता, पांढराही नव्हता. तांबूस होता, वाळल्या रक्ताच्या रंगाचा. तेजाब काचेच्या मोठ्या बरण्यांतून येतं आणि बरण्या फुटू नयेत म्हणून त्या गवतात बसवलेल्या असतात. बरणी फुटली आणि तेजाब गवतात मुरलं, की गवत आपोआप पेटतं आणि असा धूर सोडतं. तो छातीत गेला तर माणूस लगेच पडत नाही. चालतो, बोलतो, आणि मग काही वेळानं आतल्या आत बुडतो. हे गुरुदत्तला लहानपणापासून ठाऊक होतं. आण्णा त्याला बरण्यांजवळ खेळू द्यायचा नाही.

दुकानात कामाला असलेली माणसं बाहेर रस्त्यावर खोकत बसली होती. शकुनवहिनी उभी होती, पदर खाली पडलेला, हातात रिकामी कळशी. तिनं टोपाखालचा चेहरा ओळखला आणि धावत आली.

“भाऊजी, हे आत आहेत. मागं, भट्टीपाशी. उठतच नाहीत.”

“पडलेत का?”

“पडले कुठले! मागच्या गजाच्या खिडकीतून मी हाका मारल्या. म्हणतात, मूस आत आहे, ओतल्याशिवाय येणार नाही. तुम्ही तरी सांगा हो त्यांना.” आणि मग तिला आठवलं की हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

दुकान लांबोळकं होतं. पुढं बैठक, मध्ये तेजाबाच्या बरण्या, सगळ्यांत मागं भट्टी. बाहेर यायचं दार एकच, ते पुढं. मागच्या खिडकीला चोरांच्या भीतीनं मनगटाएवढे गज बसवलेले. हालदारसाहेबांनी दोघांना पहारी देऊन त्या खिडकीवर पाठवलं, पण भिंत जुन्या विटांची होती आणि पहार नुसती वाजत होती. भट्टीचं धुराडं वर ओढ घेत होतं आणि खिडकीतून थोडी हवा येत होती, म्हणून आण्णा अजून तगला होता. मधली आग मागं सरकली की ते संपणार होतं.

“पाणी?” हालदारसाहेबांनी विचारलं. तळ्यावर गेलेल्या माणसानं हात हलवला. सोंडेच्या जाळीत जलपर्णी अडकली होती, दोघं कमरेइतक्या पाण्यात उतरून ती उपसत होते.

“लागलं तरी इतक्यात सोडता येणार नाही,” साहेब स्वतःशीच म्हणाले. मग गुरुदत्तकडं वळले. “मूस भरलेली आहे ना?”

“भरलेली आहे, साहेब. तोंड उघडंच असतं तिचं.”

“वितळल्या धातूत पाणी गेलं तर फुटेल. तुझ्या भावाच्या तोंडावर फुटेल.” त्यांनी दाराकडं बोट केलं. “तू जाशील, का दुसऱ्याला पाठवू? भाऊ असला की हात कापतात. मी जबरदस्ती करणार नाही.”

“मीच जातो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तो उठणार नाही.”

हे बोलला, आणि त्याच्याच मनानं त्याला विचारलं, तुझ्या सांगण्यावरून उठेल?

साहेबांनी मास्कचा पट्टा स्वतःच्या हातानं आवळला. “हा काढायचा नाही. काहीही झालं तरी काढायचा नाही. दोराला दोन हिसके दिलेस की मी पाणी सोडतो. हिसक्यांवर हिसके आले तर ओढतो.”

सुबलनं दोर मनगटाला गुंडाळला. “गुरुदा,” तो म्हणाला, “राखोन माझी.”

*

भिंतीला खांदा लावून, गुडघ्यावर, गुरुदत्त आत शिरला. बैठकीची गादी धुमसत होती. पुढं सगळं तांबूस झालं. स्वतःचा हातही दिसेना. उजवीकडं बरण्यांची आग होती, तिचा आवाज पोत्यावर धान्य ओतल्यासारखा सलग येत होता. कोटाची बाही तापून कातडीला चिकटली. तो डाव्या भिंतीवरून हात फिरवत गेला. या भिंतीला कुठं कोनाडा आहे, कुठं पोपडा निघालाय, हे त्या हाताला अजून आठवत होतं. कोनाडा लागला. म्हणजे पुढं दोन पायऱ्या खाली. तो पोटावर घसरला, आणि समोर भट्टीचा लाल डोळा दिसला.

आण्णा तिथंच बसला होता, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा मांडी घालून. नाकातोंडावर ओला पंचा बांधलेला. एका हातानं भाता चालवत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर मुशीवर होती.

गुरुदत्तनं त्याच्या दंडाला धरलं. आण्णानं वळून बघितलं आणि दचकला. समोर काचेच्या डोळ्यांचा, रबरी सोंडेचा कोणी होता. आण्णानं हात झटकला आणि भट्टीशेजारच्या लोखंडी खांबाला मिठी घातली. गुरुदत्तनं ओढलं. तो सुटेना. बोलावं तर मास्कमधून नुसता घुमारा निघत होता. जोर करून तोडून न्यावा, तर झटापट करणारा माणूस घेऊन त्या बरण्यांजवळून जायचं म्हणजे दोघांनी मरायचं.

त्यानं मागं बघितलं. तांबूस भिंत पायऱ्यांपर्यंत आली होती.

साहेबांचा शब्द त्याच्या कानात होता. त्यानं मास्कचा पट्टा सोडला आणि मास्क कपाळावर सारला.

पहिल्याच श्वासाला छातीत सुया शिरल्या. तो खोकला, आणि खोकल्यातून म्हणाला, “आण्णा.”

आण्णाची मिठी सैल झाली. “कोण? गुरु?”

“राखण माझी. तू ऊठ.”

पंच्याआडून, कितीतरी वर्षांनी, आण्णा त्याच्याशी थेट बोलला. “तू?” तो म्हणाला. “तू उठून जाशील.”

शपथ घ्यायची म्हटली तरी आण्णापुढं त्याच्या शपथेला किंमत नव्हती. गुरुदत्तनं कमरेच्या दोराची गाठ सोडली आणि ती आण्णाच्या कमरेला बांधली. पाठीवरची टाकी उतरवून भावाच्या पाठीवर चढवली, पंचा गळ्यात उतरवून मास्क त्याच्या तोंडावर बसवला, पट्टा आवळला. आण्णा लहान मुलासारखा सगळं करू देत होता. मग गुरुदत्त त्याला सरकवून त्या जागी मांडी घालून बसला. भात्याची मूठ त्यानं हातात घेतली.

“बघ,” तो म्हणाला. “बसलो.”

काचेआडून आण्णाचे डोळे दिसत होते. दोर आता त्याच्या कमरेला होता. दोराशिवाय, हवेशिवाय माणूस बसलाय, तो कुठं जाणार, हे त्या डोळ्यांना कळलं. त्यानं गळ्यातला ओला पंचा सोडून गुरुदत्तच्या तोंडावर बांधला. आणि तो उठला.

गुरुदत्तनं दोराला हिसक्यांवर हिसके दिले. दोर ताठ झाला, आणि आण्णा पायऱ्यांवरून त्या तांबूस धुरात ओढला गेला.

आता भट्टी होती आणि तो होता. भाता हलवताना त्याला एकाएकी ध्यानात आलं की दोर गेला. दोन हिसके द्यायचे ठरले होते ते आता कशानं द्यायचे? बाहेर साहेब हिसक्याची वाट बघत राहणार. तोपर्यंत पाणी नाही. ओरडावं तर आवाज निघत नव्हता.

त्यानं तोंड भट्टीच्या बाजूला खाली घातलं. जिथं धुराड्याची ओढ होती तिथं जमिनीलगत थोडी हवा होती. तीच पिऊन तो पुन्हा वर यायचा आणि मुशीत बघायचा. साय अजून फाटली नव्हती. पाठीमागं वाशाचा एक तुकडा जळत खाली पडला. ऊठ, त्याचे पाय म्हणत होते. खिडकीवर पहार वाजत होती, वाजत होती. त्यानं पायांकडं लक्ष दिलं नाही. भाता ओढला, सोडला, ओढला.

साय फाटली. मधून सोनं बघायला लागलं.

मान हलवायला कोणी नव्हतं. त्यानं स्वतःच मान हलवली, लांब चिमट्यानं मूस उचलली आणि साच्यात ओतली. हात कापला नाही. रिकामी मूस बाजूला ठेवली, आणि त्याच चिमट्यानं, होता नव्हता तो जोर करून, साच्यावर ठोकलं.

टण. टण.

बाहेर सुबल वेड्यासारखा झाला होता. दोराच्या टोकाला गुरुदाचा मास्क घातलेला म्हातारा निघाला होता, आणि सुबल रिकाम्या हातांनी आत घुसायला निघाला होता, त्याला दोघांनी कमरेला धरलं होतं. आण्णानं तोंडावरचा मास्क ओरबाडून काढला. तो शकुनवहिनीशी बोलला नाही, पाणी प्यायला नाही. गुडघ्यावर बसून, हात वर करून, त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि कान दुकानाकडं लावला. हालदारसाहेबांनी पहारवाल्यांना थांबवलं. गल्ली गप्प झाली, आणि आतून दोन ठोके आले.

“ओतलं!” आण्णा ओरडला. “साहेब, त्यानं ओतलं! सोडा पाणी!”

आत गुरुदत्त जमिनीला गाल लावून पडला होता. आधी त्याला पाण्याचा आवाज आला, मग वाफ आली, आणि मग तळ्याच्या पाण्याचा शेवाळी वास. तो वास त्याला त्या दिवशी अत्तरासारखा वाटला.

*

सुबल दुसरी टाकी पाठीवर घेऊन आत शिरला आणि त्याला खांद्यावर घालून घेऊन आला. गुरुदत्त उठून बसला, चहा प्यायला, वहिनीला म्हणाला, “वहिनी, आण्णाला सांगा, कांब साच्यातच आहे.” सगळे हसले. हालदारसाहेब हसले नाहीत. त्यांना तांबूस धूर ठाऊक होता. त्यांनी त्याला गाडीत घालून इस्पितळात पाठवलं, आणि बरं केलं, कारण दिवस मावळताना त्याला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरल्यासारखं झालं. कालिंदी उशाशी बसून राहिली.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा तो घरी आला. जीव वाचला, पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता धूर नाही, धावणं नाही. आण्णा इस्पितळात एकदाही आला नव्हता. रोज डबा मात्र यायचा, आणि डब्याबरोबर वहिनी सांगायची, “हे म्हणतायत, सगळं संपवायचं.”

हालदारसाहेबांनी त्याला टेलिफोनच्या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, “मास्क काढायचा नाही असं मी सांगितलं होतं.”

“साहेब, मास्क घालून नाव घेता येत नाही.”

साहेबांनी टेलिफोन त्याच्यापुढं सरकवला. “आता घंटा तू द्यायचीस,” ते म्हणाले, आणि गेले.

दुर्गापूजेच्या आधी, आभाळ धुऊन स्वच्छ झालेलं असताना, गुरुदत्त एका सकाळी आण्णाच्या दुकानात गेला. नवी कौलं चढली होती, बरण्या आता बाहेरच्या पडवीत मांडल्या होत्या. भट्टी मात्र त्याच जागी होती. आण्णा मुशीजवळ बसला होता. गुरुदत्त सवयीनं पायरीवरच थांबला.

वहिनी काही बोलणार, तेवढ्यात आण्णा म्हणाला, “गुरु, इकडं ये. माझी पाठ धरलीय. बसतोस का जरा?”

वहिनीच्या हातातली वाटी हातातच राहिली.

गुरुदत्त खाली आला, धापेनं थोडा थांबला, आणि शेजारी मांडी घालून बसला. “राखण माझी,” तो म्हणाला. “तू ऊठ.”

आण्णा उठला आणि पलीकडं पोत्यावर आडवा झाला. भिंतीकडं तोंड करून खरोखरीच झोपला. साय फाटली तेव्हा गुरुदत्तनं त्याला उठवलं नाही. ओतलं, दोनदा ठोकलं. त्या आवाजानं आण्णा जागा झाला, कांब हातात घेऊन उजेडात फिरवून बघितली आणि मान हलवली.

मग चहा झाला. नवी मूस भट्टीत चढली आणि आण्णा तिच्याजवळ बसला. टेलिफोनची पाळी होती म्हणून गुरुदत्त उठला. “येतो, आण्णा.”

“ये. सावकाश जा.”

तो गल्लीतून ट्रामच्या रस्त्याकडं चालू लागला. चार घरं चालला की थांबायचा, एखाद्या ओट्याला हात टेकायचा, छाती भरून घ्यायचा आणि पुन्हा निघायचा. एकदा भाजीवालीनं त्याला काही विचारलं, तो हसला, पुढं गेला. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

दुकानाच्या दारात आण्णा येऊन उभा होता. हात राखेनं भरलेले, तसेच चौकटीला टेकलेले. आतून वहिनी घाबरून म्हणाली, “अहो, मूस आत आहे, आणि तुम्ही इथं?”

“बस तू जरा तिथं,” आण्णा म्हणाला. त्यानं नजर काढली नाही. खाकी गणवेशातली ती पाठ गल्लीच्या तोंडाशी पुन्हा एकदा थांबली, आणि ती हलेपर्यंत तोही हलला नाही.

मग ट्राम आली.